बॉनेटखालचा रातकिडा

रात्री दिवा मालवावा आणि रातकिड्यानं तोंड उघडावं, हा अनुभव कुणालाच नवा नाही. आवाज कपाटामागून येतोय याची पक्की खात्री असते. उठून कपाटाशी गेलं की तो दाराच्या फटीतून यायला लागतो. दाराशी गेलं की कोपऱ्यातल्या पेटीखालून. पाऊल वाजलं की गप्प. शेवटी आपण हार मानतो आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतो.

गंमत अशी की बाहेर कुत्रं भुंकलं तर ते कुठल्या बोळात आहे हे आपण पडल्यापडल्या सांगू शकतो. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर मांडणीवरचं पडलं की ओट्यावरचं, तेही कळतं. मग वीतभर अंतरावरचा रातकिडाच तेवढा का सापडत नाही? याचं उत्तर हाती आलं, की सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या एखाद्या गॅरेजात ट्रकच्या इंजिनातली कुईकुई कशी हुडकतात आणि चांगला मिस्त्रीसुद्धा तिथे का फसतो, ही गोष्ट निम्मी कळते. म्हणून आधी कानाकडे जाऊ, गाडीकडे मग.

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, पण मेंदूला तो पुरतो. खर्जातल्या, जाड आवाजाची दिशा मेंदू याच हिशेबानं लावतो. बारीक आवाजासाठी त्याच्याकडे वेगळी युक्ती आहे. मधे आपलं डोकं असतं, त्याची सावली पलीकडच्या कानावर पडते आणि तिथे आवाज मंद पोचतो. ज्या कानात मोठा, ती दिशा. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०७ साली ही दुहेरी रीत मांडली आणि ती आजही टिकून आहे.

घोटाळा मधल्या पट्टीत होतो. सेकंदाला साधारण दोन ते चार हजार कंपनं, अशा आवाजाच्या लाटा डोक्याच्या रुंदीएवढ्या किंवा तिच्याहून आखूड असतात. तीन हजार कंपनांची लाट तर जेमतेम अकरा सेंटिमीटरची. इतक्या आखूड लाटेत कुठला उंचवटा कुठल्या कानाला आधी लागला, याचा हिशेब मेंदूला जमत नाही. आणि सावली तर अजून पुरती गडद झालेली नसते. दोन्ही युक्त्या अर्ध्यामुर्ध्या. आणि दुर्दैव बघा, कान सगळ्यात तिखट असतो तोही याच पट्टीत. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. एवढ्या नळीत तीन हजाराच्या आसपासचा सूर आपोआप घुमतो. म्हणजे जो आवाज कानाला सगळ्यात जास्त टोचतो, त्याचाच पत्ता सगळ्यात कमी लागतो. रातकिड्याची किरकिर या पट्टीच्या वरच्या अंगाला असते. ट्रकच्या पट्ट्याची किंकाळी पुष्कळदा ऐन मध्यात.

आता ट्रक. तो कुणा एकाचा नाही. माढा तालुक्यात गळिताच्या हंगामात असे कितीतरी ट्रक फिरतात. त्यातला एक नमुन्यादाखल उभा करतो. पुढे नाक असलेला जुन्या घाटणीचा ट्रक, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे फळ्यांच्या वर हातभर आलेला ऊस. हा तालुका एकेकाळी ज्वारीचा. भीमेवरचं उजनी धरण याच तालुक्यात १९८० साली पुरं झालं, पाणी फिरलं आणि शेतांचा रंग बदलला. आता दिवाळी झाली की रस्त्यावर पाचट उडायला लागतं, पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्याच्या वाटेवर रांगा लागतात आणि काळ्या मातीचा फुफाटा प्रत्येक फिरत्या भागावर थरानं बसतो. हा फुफाटा लक्षात ठेवा. तो पुढे साक्षीला येणार आहे.

ट्रक पहाटे चालू केला की किंचाळतो. ड्रायव्हरनं पहिले दोन दिवस सोडून दिले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून किन्नरानं इंजिन बंद असताना पट्ट्याला साबणाची वडी घासली. दोन दिवस शांतता. मग पुन्हा तेच. रस्त्यावरच्या एका गॅरेजात नवा पट्टा टाकला. आठ दिवस बरे गेले आणि नवव्या पहाटे किंकाळी परत. तिथल्या पोरानं टॉमी लावून पट्टा आणखी ताणला. किंकाळी कमी झाली, पण तिच्या जागी एक बारीक घरघर आली, आणि थंडी वाढली तशी किंकाळीही आली. आता गाडीत दोन आवाज होते. ड्रायव्हरच्या मते आवाज तीन होते, पण त्याचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

मग गाडी आमच्या मिस्त्रीकडे येते. (हाही नमुन्याचाच. पण असा एक मिस्त्री प्रत्येक बाजारगावाला असतो, आणि त्याच्या दारात गाडी लावायला जागा नसते.)

“मिस्त्री, गाडी लई वरडतीय.”

“कुनीकडनं” असं मिस्त्री विचारत नाही. तो विचारतो, “कवा वरडती, पाव्हणं?”

“सकाळी चालू केली की. धा मिनटं वरडती, मग ऱ्हाती. आन् शेतात बी.”

“शेतात म्हंजे? भरल्यावर का रिकामी?”

“भरल्यावर. सरीतनं बाहीर काढताना. पर त्यो आवाज जरा येगळा हाय बगा.”

“येगळा म्हंजे कसा? करून दाव.”

आणि चाळिशीचा माणूस चारचौघांत तोंडानं दोन आवाज काढून दाखवतो. एक ‘कुईंऽऽ’ आणि एक ‘सूंऽऽ’.

मला या सगळ्या कामातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो, आणि याच क्षणी बहुतेक गॅरेजात बॉनेट आधीच उघडलेलं असतं. ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न कान चुकवणार हे आपण पाहिलं. ‘आवाज कधी येतो’ याला कान फसत नाही. गार असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की ओझ्याखाली, क्लच दाबल्यावर थांबतो का, दिवे लावल्यावर वाढतो का, रेस दिल्यावर सूर चढतो की नुसता मोठा होतो, यांतल्या प्रत्येक उत्तरानं संशयितांतली दोन-चार नावं खोडली जातात. क्लच पायाखाली घेताच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, पट्ट्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली तरी येत असेल तर इंजिनाला कशाला हात लावायचा; चाकाकडे, ब्रेककडे जा. (एअर ब्रेकच्या गाडीत हा प्रयोग करू नये. इंजिन बंद झालं की टाकीतली हवा भरणारं कुणी उरत नाही.)

या कामाला मराठीइतकी सोयीची भाषा क्वचित असेल. खडखड म्हटलं की काहीतरी ढिलं आहे. टकटक म्हटलं की ठरावीक तालात धातूवर धातू आपटतोय. घरघर म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांची वाट घासून खडबडीत झाली. चुकचुक, तीही एकसारख्या अंतरानं, म्हणजे पट्ट्याचा एक खराब तुकडा दर फेरीला पुलीवरून जातोय किंवा पुल्या एका ओळीत नाहीत. फसफस आणि सूं हे वाऱ्याचे आवाज, कुठेतरी गळती आहे. आणि कुईकुई म्हणजे घसरण. मोटारकंपन्यांच्या प्रयोगशाळांत आज शेकडो मायक्रोफोनांची जाळी लावून आवाजाचं चित्र काढतात. माढ्यात ते काम क्रियाविशेषणं करतात.

घसरण का किंचाळते, हे जरा सविस्तर बघण्याजोगं आहे, कारण हाच खेळ आपल्या आजूबाजूला सगळीकडे चालू असतो. ज्वारीचं भरलेलं पोतं जमिनीवरून ओढून बघा. पहिला हिसका जड जातो. एकदा हललं की ते त्यामानानं हलकं सरकतं. स्थिर असतानाचं घर्षण हलत असतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. आता पोत्याला थेट न ओढता रबराच्या दोरीनं ओढा. दोरी ताणत जाते, पोतं जागचं हलत नाही. ताण पुरेसा झाला की ते एकदम सुटून पुढे येतं, दोरी सैल पडते, पोतं पुन्हा चिकटतं. चिकट, सूट, चिकट, सूट. हे सेकंदाला दोनदा झालं तर नुसते हिसके. दोन हजार वेळा झालं तर किंकाळी. दाराची बिजागरी, फळ्यावरचा खडू, वंगण संपलेल्या बैलगाडीचा कणा, सगळ्यांचा आवाज असाच जन्मतो. सारंगीवाला गजाला राळ लावतो ती याच चिकट-सुटीसाठी. राळ नसेल तर गज तारेवरून मुकाट घसरून जाईल. पट्ट्याचा आणि सारंगीचा आवाज एकाच कुळातला आहे. एकीला रियाज घडलेला असतो इतकंच.

माढा तालुक्याला या कुळातला आणखी एक आवाज जुना ओळखीचा. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं आखलेली, दोन रुळांत अवघं ७६२ मिलिमीटर अंतर. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटायचं असतं, आतल्याला कमी, आणि आस तर वळायला तयार नसतो. मग चाक रुळावर आडवं सरकतं, अडतं, पुन्हा सरकतं, आणि वळण किंचाळतं. त्याच १८९७ साली, योगायोगानं, जर्मनीत आउग्सबुर्गला रुडॉल्फ डीझेलचं इंजिन पहिल्यांदा कसाला उतरलं. रेल्वेत एक काम फक्त कानाचं असे. माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाडीच्या चाकांवर ठोके मारत जाई. चाक धड असलं तर घंटेसारखं खणखणे, तडा असला तर बद्द वाजे. माठ घेताना आपण टिचकी मारतो ती वेगळं काय सांगते?

आपला ट्रक मात्र दारात उभा आहे. गाडी रात्रभर गार झालेली हवी, म्हणून मिस्त्री ती ठेवून घेतो. सकाळी बॉनेट वर करून आधी नुसतं बघतो. जुन्या घाटणीच्या या इंजिनात एक पट्टा तीन पुल्यांवरून जातो: खाली क्रँकची मोठी पुली, वर पंखा आणि पाणी फिरवणारी ‘वॉटर बॉडी’, बाजूला अल्टरनेटर, ज्याला जुने लोक अजून डायनामोच म्हणतात. तिन्हींत अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान. लहान म्हणून ती सगळ्यात जोरात फिरते. क्रँकचे मिनिटाला सहाशे फेरे असतील तर ती दीड हजाराच्या आसपास. आणि लहान म्हणूनच पट्ट्याची मिठी तिच्याभोवती सगळ्यात तोकडी. घसरायचं असेल तर पट्टा तिथेच आधी घसरणार.

चावी फिरते. ‘कुईंऽऽ’.

मिस्त्रीच्या हातात प्लास्टिकची बाटली आहे, झाकणाला भोक पाडलेली. पंख्यापासून हात लांब ठेवून तो चालत्या पट्ट्यावर पाण्याची बारीक धार सोडतो. हा प्रयोग कुणीही करावा असा आहे, फक्त गळ्यातला गमछा आधी काढून ठेवावा. पंखा माणूस ओळखत नाही. पाणी पडताच आवाज काही क्षण गप्प झाला आणि मग परतला, तर पुल्या वाकड्या बसल्याचा संशय घ्यायचा. पाणी पडताच आवाज उलट वाढला, तर पट्टा घसरतोय, त्याची पकड कमी पडतेय. कुईकुई पट्ट्याची नसेलच, तर पाण्यानं काहीच होत नाही, आणि तेही एक उत्तरच असतं. इथे आवाज वाढला.

म्हणजे पट्टा घसरतोय. पण पट्टा नवा आहे, आणि ताणही भरपूर. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं तर धडधाकट पट्टा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा. हा तर जेमतेम हलतोय. रस्त्यावरच्या गॅरेजनं केलं ते या दोन्ही गोष्टी पाहून शहाणपणाचंच वाटतं. घसरतोय, बदला. अजून घसरतोय, ताणा. मीही तेच केलं असतं.

इथे व्ही आकाराच्या पट्ट्याची खुबी समजून घ्यावी लागते. तो सपाट पट्ट्यासारखा पुलीवर नुसता टेकत नाही. पुलीच्या खाचेच्या दोन तिरप्या भिंतींत तो पाचरीसारखा रुततो. लाकूड फोडताना पाचर जशी ठोक्यापेक्षा कितीतरी जास्त जोरानं दोन्हीकडे रेटते, तसंच. खाचेचा कोन साधारण ३८ अंशांचा धरला, तर तेवढ्याच ताणात या पाचरीमुळे पकड सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट होते. एवढीशी पट्टी एवढा भार ओढते ती या तिपटीच्या जिवावर. अट एकच: पट्ट्याचा तळ खाचेच्या तळाला लागता कामा नये. तळ टेकला की पाचर संपली, आणि तिप्पट पकड एकदम एकपट.

मिस्त्री इंजिन बंद करतो, पट्टा उतरवतो आणि बॅटरीचा उजेड अल्टरनेटरच्या खाचेत पाडतो. खाचेचा तळ आरशासारखा चकाकतोय. तिथे गंज आणि धूळ असायला हवी. पट्ट्याचं तिथे कामच नाही. चकाकतोय याचा अर्थ पट्टा रोज तळाला घासतोय. दोन्ही भिंती झिजून खाच रुंदावली आहे आणि पट्टा आत बसलाय. नवा पट्टा काठाशी जवळपास बरोबरीनं बसावा, तो इथे डुबलेला. काळ्या मातीचा फुफाटा पट्टा आणि पुलीच्या मधे जाऊन वर्षानुवर्षं कानशीसारखा फिरत होता. त्यात पट्टा घसरला की तोही घासणार, घासला की खाच आणखी झिजणार. नवा पट्टा आठ दिवस गप्प बसला कारण त्याची अंगलट भरलेली होती. थोडा झिजला आणि तळाला लागला. ताण वाढवून काही उपयोग नव्हता. पाचरच नव्हती तिथे. नुसतं ओढणं होतं.

एवढ्यावर मिस्त्री थांबू शकला असता. पण दहा मिनिटांनी आवाज का थांबतो, याचा जाब अजून मिळालेला नाही. त्यानं विचारलं, “रातच्याला गाडी कुठं असती?”

“कारखान्यावर. नंबर लागस्तोवर हुबीच.”

“टेप चालू असतो?”

ड्रायव्हर हसला. ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे कर्णे ज्यांनी ऐकलेत त्यांना हे हसणं कळेल. रांगेत तासन् तास इंजिन बंद, केबिनमधले दिवे चालू, गाणी चालू, आणि सगळा भार बॅटऱ्यांवर. पहाटे स्टार्टर मारला की राहिलेली वीजही तो पिऊन टाकतो. इंजिन चालू होताच उपाशी बॅटऱ्या अल्टरनेटरकडून मिळेल तेवढी वीज ओढायला लागतात. हिशेब करून बघण्याजोगा आहे. २४ व्होल्टची गाडी, अल्टरनेटर ६० अँपिअर देतोय असं धरा. म्हणजे १४४० वॉट. अल्टरनेटर मिळालेल्या शक्तीतला पंचावन्न-साठ टक्के भागच विजेत बदलतो, उरलेली उष्णतेत जाते. म्हणजे पट्ट्यावर भार येतो अडीच किलोवॉटचा, तीन-साडेतीन अश्वशक्तीचा. शेतकऱ्याच्या भाषेत, विहिरीवरची तीनची मोटार त्या बोटभर पट्ट्याला जोडलेली आहे. वर पहाटेची थंडी, गारठून कडक झालेलं रबर आणि हंगामातलं दव. बॅटरीची भूक भागत जाते, रबर ऊब धरतं, भार उतरतो आणि किंकाळी विरते. दहा मिनिटांचा हिशेब लागला. पडताळा घ्यायला मिस्त्रीनं गाडी तापल्यावर सगळे दिवे लावायला सांगितले आणि रेस दिली. ‘कुईं’ हजर.

आता घरघर. इथे मिस्त्रीनं लांब पेचकस काढला. त्याचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर, बेअरिंगच्या जवळ, आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला. ही रीत पाहून डॉक्टरची आठवण येते, आणि दोघांचा पूर्वज एकच. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून तिचं एक टोक रोग्याच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. रोगी बाई तरुण होती, छातीवर थेट कान ठेवणं त्याला प्रशस्त वाटेना, या संकोचातून स्टेथोस्कोप जन्मला. पेचकसाचं तत्त्व याहून सोपं आहे. हवेतून येणारा आवाज चार पत्र्यांवर आपटून येतो. पोलादातून येणारा सरळ येतो, सेकंदाला पाच हजार मीटरच्या वेगानं, आणि फक्त जिथे टोक टेकलंय तिथलाच. रातकिड्याच्या प्रत्येक संशयित पेटीला कान लावून ऐकण्यासारखं. वॉटर बॉडीवर टोक टेकवलं, गुळगुळीत गुणगुण. अल्टरनेटरच्या पुढच्या तोंडाशी टेकवलं, रेतीत गोट्या घोळवल्यासारखं.

खात्रीसाठी त्यानं पट्टा पुन्हा उतरवला आणि पुली हातानं फिरवली. बेअरिंगचा खडबडीतपणा बोटांना लागला. पट्टा नसताना अर्धं मिनिट इंजिनही चालवलं, घरघर गायब. याहून जास्त वेळ चालवायचं नाही, पट्ट्याबरोबर पाणी फिरणंही थांबलेलं असतं. बेअरिंग कशानं गेलं हे सांगायला नको. टॉमी लावून ताणलेला पट्टा दिवसरात्र अल्टरनेटरचा दांडा एका अंगाला खेचत होता. पहिल्या आवाजावरच्या औषधानं दुसरा आवाज आणला होता. पुली आणि बेअरिंग बदललं, पुल्यांच्या तोंडाला सरळ पट्टी लावून तिन्ही एका ओळीत आहेत हे बघितलं, पट्टा बेताचा ताणला. काम संपलं.

संपलं नव्हतं. ‘शेतात बी’ हे दोन शब्द शिल्लक होते.

दोन वेगळ्या रोगांची लक्षणं एकाच रोगाची समजली, की कुठलंच निदान जुळत नाही. सकाळची कुईकुई ओझ्याशी संबंधित नव्हती आणि शेतातली सूं थंडीशी. दारात उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी ही शिट्टी वाजेना, कारण न्यूट्रलमधल्या इंजिनाला ओढायला काहीच नसतं. मिस्त्री दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून गेला. (गॅरेज सोडून जाणारा मिस्त्री दुर्मीळ असतो हे मान्य. पण नमुनाच उभा करायचा तर चांगला करावा.) सरीतून बाहेर निघताना पहिल्या गिअरमध्ये इंजिन खाली दबलं आणि शिट्टी सुरू झाली, रेस सोडताच बंद. वाढत्या फेऱ्यांबरोबर नाही, वाढत्या जोराबरोबर. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची शिट्टी फेऱ्यांबरोबर चढत जाते आणि ती असणं हे दुखणंही नाही. ज्याचं चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फिरतं, ते गुणगुणणारच. ही शिट्टी दाबाची होती.

परत आल्यावर, गार इंजिनात, त्यानं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही जोडांवरून नजर फिरवली. पाच जोडांवर नुसती धूळ. सहाव्याच्या कडेला काजळीची बारीक काळी रेघ, चुलीमागच्या भिंतीवर उमटते तशी. तिथला एक बोल्ट ढिला पडला होता आणि गॅस्केटला केसाएवढी चीर. ओझ्याखाली पाचशे अंशांच्या पुढे तापलेला, दाबातला धूर त्या चिरेतून कुकरच्या शिट्टीसारखा सुटत होता. टर्बोच्या चक्राला मिळायचा जोर वाटेतच सांडत होता. भरलेली गाडी यंदा ओढत नाही, धूरही काळा येतो, हे ड्रायव्हर महिनाभर सांगत होता, पण त्याचा आवाजाशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शंका राहू नये म्हणून मिस्त्रीनं इंजिन चालू करायला लावलं आणि रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं त्या जोडावरून फिरवलं. उभ्या गाडीत जिचा मागमूस नव्हता, ती फुसफुस नळीतून स्पष्ट आली. हवेच्या गळतीला पेचकस नाही, नळीच लागते. लाएनेकची सुरळीच ती.

नवं गॅस्केट बसलं. पुढची तिसरी पहाट. कारखान्याच्या रांगेतून रिकामी होऊन गाडी थेट मिस्त्रीच्या दारात. ड्रायव्हर खाली उतरला, चेहरा पडलेला.

“मिस्त्री, नवाच आवाज यायलाय. टकटक टकटक. वरनं.”

मिस्त्रीनं इंजिन बंद करायला न सांगता मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं. एका टॅपेटचा गॅप वाढलेला होता.

“नवा न्हाई पाव्हणं,” तो म्हणाला. “जुनाच हाय. आता ऐकू यायलाय.”